चार बोटं अंतर

आमोणे,
२९ जुलै २०२५, नागपंचमी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मे महिन्यातलं आणि उत्तर आज. क्षमा कर. शाळा सुरू झाली, ग्रंथालयात नवी पुस्तकं आली, दत्तप्रसादच्या साखळी गावातल्या दुकानाचं छप्पर गळलं, अशी कारणं सांगता येतील. सगळी खरी आहेत, पण गप्प राहिले ती त्यांच्यामुळे नाही.

मे महिन्यात मी तुला लिहिलं होतं की आमची पश्चिमेकडची खोली तुझ्यासाठी तयार आहे, तू फक्त यायचं बाकी आहे. ते वाक्य लिहिताना मला ठाऊक होतं की ते पुरतं खरं नाही. त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला बुरशी येते. दोन वर्षांपूर्वी गणेशचवथीच्या आधी मला ती पहिल्यांदा दिसली, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत, काळे ठिपके. पाहुणे यायचे होते. आम्ही रंगाचा हात मारला आणि पुढे लोखंडी कपाट सरकवलं. गेल्या वर्षीही तेच केलं. आपल्याकडे चवथीला सगळेच घर रंगवतात, त्यामुळे कुणाला संशयही आला नाही. मीही स्वतःला काही विचारलं नाही.

या जूनमध्ये तुझी ट्रंक कुठे बसेल ते बघायला कपाट ओढलं, आणि मागची भिंत दिसली. खाली काळी, वर हिरवट, मध्ये करड्या लवेसारखी. कपाटाची पाठ गंजलेली. ओल्या पोत्याला येतो तसा वास.

गेल्या वर्षी म्हापशाच्या छातीच्या डॉक्टरांनी तुला तपासलं तेव्हा मी शेजारी उभी होते. तुला ऐकू येत नाही म्हणून त्यांचं म्हणणं मीच कागदावर लिहून तुझ्या हातात दिलं होतं, की यापुढे ओल्या खोलीत एकही पावसाळा काढायचा नाही. तो कागद माझ्या अक्षरातला, आणि 'खोली तयार आहे' हे पत्रही माझ्याच अक्षरातलं. दोन महिने मला हेच टोचत होतं. तेरेखोलचं घर तुला डिसेंबरअखेर सोडायचं आहे, हे विसरलेले नाही. म्हणून तर विचारते, आता काय करू?

आज पातोळ्या केल्या. हळदीची पानं परसातली. तुझ्याकडे फेरीबोटीने पाठवायच्या म्हटलं तर पोचेपर्यंत आंबतील, म्हणून तुझ्या नावाने एक मीच जास्त खाल्ली.

दत्तप्रसादचा नमस्कार. रागावलीस तरी लिहीत राहा, एवढंच मागते.

तुझी,
संजना

ता. क. दिवसाच्या शेवटी उद्याचं एकच काम लिहून ठेवायची तू लावलेली सवय अजून सुटलेली नाही. उद्या: हे पत्र पेटीत टाकणे, फाडणे नव्हे.


तेरेखोल,
६ ऑगस्ट २०२५

चि. संजना हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. खोटं लिहिलंस त्याबद्दल एक छडी. आपणहून कबूल केलंस म्हणून ती परत घेतली. आता कामाचं बोलू.

पहिलं म्हणजे त्या भिंतीला कोरडा झाडू किंवा ब्रश लावू नकोस. जावईबापूंना हौस येईल, त्यांना आवर. ती पूड उडते, घरभर बसते आणि छातीत जाते. नाकाला फडकं बांध, जनेल सताड उघड, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या कापडाने पूस. ते कापड धुऊन परत वापरू नको, टाकून दे. पण नुसतं पुसून भागत नाही. पोराचं नाक पुसलं म्हणून पडसं जात नाही. भिंतीला पाणी कुठून मिळतं ते शोध. पाणी तोडलंस की बुरशी उपाशी मरते.

त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. जाड प्लास्टिकचा वहीच्या पानाएवढा तुकडा घे, भिंतीवर ठेव, चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कर आणि दोन दिवस हात लावू नको. मग बघ. खोलीकडच्या बाजूला दव आलं तर हवा ओली आहे. म्हणजे तू कपडे आत वाळत घालतेस आणि जनेल बंद ठेवतेस. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतूनच येतंय. दोन्हीकडे आले तर दोन्ही दोष तुझे.

आणि चवथीसाठी रंग लावलास तर मला कळेल. अशा एका भिंतीबरोबर मी पाच वर्षं काढली आहेत, तिचे सगळे नखरे मला ठाऊक आहेत. रंग लावला की महिनाभर शहाण्यासारखी वागते, मग दुप्पट फुलते. सामान तिला टेकवायचं नाही. खाट असो, कपाट असो, मध्ये चार बोटं अंतर पाहिजे, वारा जायला.

माझं म्हणशील तर मालक दर रविवारी नवीन गिऱ्हाईक घेऊन येतो. ते लोक माझ्या विहिरीचे फोटो काढतात, माझे काढत नाहीत. मी शेजारच्या स्नेहाला घेऊन म्हापशाच्या अलीकडे बायकांचा एक निवास आहे तो बघून आले. खोल्या कोरड्या आहेत, माणसंही जरा कोरडीच. त्यांना नोव्हेंबरअखेर नक्की कळवायचं आहे. तुझी भिंत तोवर सुधारली नाही तर मी तिकडे जाईन, आणि तू त्यावर रडायचं नाही. छातीपुढे माया चालत नाही.

घाई करू नको, आळसही नको. आशीर्वाद नेहमीचेच, पण या वेळी जरा जास्त.

तुझी मावशी,
कमलाक्षी


आमोणे,
१७ ऑगस्ट २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलेली परीक्षा घेतली. प्लास्टिकच्या मागच्या बाजूला एवढे थेंब होते की पट्टी सोडताच ओघळ जमिनीपर्यंत गेला. मग पाणी कुठून येतं ते बघायला मी छत्री घेऊन घराबाहेरून वळसा घातला, आणि गुन्हेगार सापडला. तो मीच.

तुला माझा तो अबोलीचा वाफा आठवतो? गेल्या वर्षी मे महिन्यात आलीस तेव्हा तू त्याचं कौतुक केलं होतंस. तो मी बरोबर त्या भिंतीला लागून केला आहे. चिऱ्यांची कड रचून, दोन हात माती भरून. आतली जमीन खाली आणि बाहेरची माती वर. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी मी त्याला पाणी घालते, म्हणजे भिंतीलाच घालते. पावसात वरची पन्हळ फुटलेली आहे, तिचं पाणीही त्यातच पडतं. सहा वर्षं मी त्या वाफ्यासमोर उभी राहून लोकांकडून शाबासकी घेतली.

दत्तप्रसादने दोडामार्गचा सखाराम गवंडी बोलावला. त्याच्यासोबत त्याची बायको सरस्वती असते. तो बोलतो आणि ती काम ओळखते. तिने भिंतीवर नुसता तळवा फिरवला, मग बोटाच्या पेराने ठोकत गेली, आणि जिथे आवाज पोकळ आला तिथे मला खडूने गोल काढायला लावला. बारा गोल निघाले. सखारामने छिन्नी लावली तर बाराही ठिकाणी आतून सिमेंट सुटलेलं. मी रोज पुस्तकांत असते, पण इतकं अचूक वाचताना मी कुणाला पाहिलेलं नाही. ती म्हणाली की भिंत वाईट नाय, चिरो घट आसा, पण तेका भिजल्या आंगावर रेनकोट चढयलो. म्हणजे मूळचा चुन्याचा गिलावा काढून आम्ही सिमेंट केलं, वर ऑइल पेंट दिला. आता आतलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. तेही घराचं नूतनीकरण म्हणून मीच हौसेने करून घेतलं होतं.

सखारामचं म्हणणं असं की सिमेंट आत्ताच काढावं, पण नवा चुना दिवाळीनंतरच. तोपर्यंत भिंत उघडी राहू दे. म्हणजे चवथीला नागडे चिरे दिसणार. त्या खोलीत दरवर्षी दत्तप्रसादची बहीण गौरवी आणि तिची माणसं झोपतात. दत्तप्रसाद तिसऱ्या दिवशी म्हणाला की गणपतीला दिसत नाही असं थोडंच आहे, लोकांना दिसलं तर दिसलं. मग स्वतःच कुदळ घेऊन वाफा उकरायला गेला. मी अबोलीची रोपं काढून कुंपणाजवळ लावली. निम्मी जगतील.

एक विचारायचं राहिलं. तू लिहिलंस, अशा भिंतीबरोबर पाच वर्षं काढलीस. तेरेखोलचं घर तर कोरडं आहे. मग ती भिंत कुठली?

तुझ्या तब्येतीचं सविस्तर लिही, टाळाटाळ नको. माया आहे ती अशीच राहू दे.

तुझी,
संजना


तेरेखोल,
३० ऑगस्ट २०२५

चि. संजना हिस,
अ. उ. आ.

वाफ्याचं वाचून हसले, मग वाईट वाटलं. मीही त्याचं कौतुक केलं होतं, म्हणजे अर्धा गुन्हा माझा. जावईबापूंना माझ्यातर्फे एक नारळ दे.

भिंतीचं विचारतेस. चौतीस वर्षं नोकरी केली, सहा गावं फिरले, भिंती पुष्कळ पाहिल्या. कुठली ते कुठे आठवत बसू. तब्येत बरी. खोकला आहे, तो शाळेतल्या खडूचा, हे तुला माहीतच आहे. चवथ छान झाली. स्नेहाकडच्यांनी जेवायला नेलं. आरतीत मला फक्त घुमटावरची थाप ऐकू येते, तीही पायातून.

पत्र लहान आहे म्हणून माया लहान समजू नये.

तुझी मावशी,
कमलाक्षी


आमोणे,
१३ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी चवथीचं सांगते. गौरवी दारातून आत आली, चिरे बघितले आणि दादाला विचारलं की घर विकायला काढलंय की चिऱ्यांची खाण सुरू केली. तिच्या नवऱ्याने मोबाइलवर फोटो काढला. पण रात्री झोपून सकाळी उठल्यावर तीच म्हणाली की गेल्या दोन चवथींना इथे झोपून तिचा घसा धरायचा, या वेळी धरला नाही. मी पन्हळ बदलली आहे, जनेल दिवसभर उघडं असतं, कपडे आता मागच्या पडवीत वाळतात. मला तिला सांगायला हवं होतं की तो घसा माझ्या कपाटामुळे धरायचा. सांगितलं. तिने उत्तरादाखल ताटात आणखी गोड नेवऱ्या मागून घेतल्या.

आता दुसरं. तुझ्या पत्रातल्या 'कुठे आठवत बसू'वर माझा विश्वास बसला नाही. तू सहावीतल्या मुलांची नावं हजेरीच्या क्रमाने सांगतेस.

ती खोली रिकामी करताना माझी कॉलेजची पेटी निघाली. तुझ्याकडे पेडण्याला राहून मी अकरावीपासून बी.ए.पर्यंत शिकले तेव्हाची. शिरगावला आमच्या घरावरून दिवसभर खाणीचे ट्रक जायचे, अभ्यास होईना, म्हणून आईने मला तुझ्याकडे पाठवलं होतं. वह्या, टिपणं, पुस्तकं. पंचवीस वर्षं झाली, पण पानं स्वच्छ आहेत. त्याच पेटीत तुझी बालगीतांची वही होती, तू माझ्या लग्नात दिलेली. त्याच वर्षांतली, पहिल्या पानावर तुझ्या हातचं १९९७. तिची एकेक कड काळपट, पानोपानी करडे डाग, शिवण कुजलेली. पुस्तकाला ओल कुठे आणि किती दिवस लागली, हे बघणं माझं रोजचं काम आहे. मी दोन्ही वह्या टेबलावर शेजारी ठेवल्या. एकच घर, तीच वर्षं. पण एक वही बाहेरच्या खोलीत राहिली आणि एक आतल्या.

बाहेरच्या खोलीत मी झोपायचे. तू म्हणायचीस, मुलीला वाचायला उजेड पाहिजे. आतल्या, डोंगराला टेकलेल्या खोलीत तू.

मग एकेक आठवत गेलं. मी सुट्टी संपवून आले की तुझी खोली नुकती चुन्याने रंगवलेली असायची. मला वाटायचं, मावशी किती हौशी. जरा ऊन पडलं की तू गादी अंगणात घालायचीस. तुझी खाट भिंतीपासून दूर, खोलीच्या मध्यावर, होडीसारखी. मी हसायचे, तर तू सांगायचीस, झाडायला सोपं जातं. आणि तुझा खोकला. तू खडू म्हणालीस, मी खडू मानला. शाळेतल्या इतर कुठल्याच बाईंना तो खडू का लागत नव्हता, हे माझ्या मनात कधी आलं नाही. बी.ए.ला मला पहिला वर्ग मिळाला, पण एवढं कळलं नाही.

अकरावी, बारावी आणि पदवीची तीन. पाच वर्षं, मावशी.

तेव्हा तू चव्वेचाळीस-पंचेचाळीसची होतीस. मी आज शेहेचाळीसची आहे. त्या वयात मी पाहुण्यांसाठी कपाट सरकवलं. तू काय केलंस ते मला आत्ता दिसतंय. मला कौतुक वाटतं की अपराधी वाटतं, दोन्ही इतकी मिसळली आहेत की वेगळी करता येत नाहीत.

म्हणून मी ठरवलं आहे. पूर्वेकडची आमची झोपायची खोली कोरडी खणखणीत आहे, सकाळचं ऊन येतं. ती तुझी. आम्ही दोघं पश्चिमेकडे जाऊ. दत्तप्रसादची हरकत नाही. आता निवासाला नाही म्हणून कळव.

तुझी,
संजना


तेरेखोल,
२४ सप्टेंबर २०२५

चि. संजना हिस,
अ. उ. आ.

इतकं हुशार व्हायला तुला कुणी सांगितलं होतं? मीच. माझं मीच भोगते.

होय, पेडण्याचीच भिंत. पण तू जी गोष्ट रचली आहेस तीत मी फार मोठी दिसते, ते काढून टाक. आलीस त्या जूनमध्ये तुला आतल्या खोलीतच झोपवलं होतं, हे तू विसरलीस. पंधरा दिवसांत तू खोकायला लागलीस. सोळा वर्षांची पोर, थोरल्या बहिणीने विश्वासाने पाठवलेली. मी खाटा बदलल्या आणि उजेडाचं निमित्त सांगितलं. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. मला वाटायचं, माझी छाती लोखंडाची आहे. लोखंडही गंजतं, हे तू तुझ्या कपाटाच्या पाठीवर बघितलंसच.

आता माझी चूक ऐक. मी ती भिंत लपवली. तू यायच्या आधी चुना फासायचा, बस. मालकाला कधी सांगितलं नाही की मागची डोंगराची माती काढ, कारण बाई एकटी राहते, कटकट करते असं म्हणेल. दोन दिवसांचं काम होतं. मी पाच वर्षं नुसती रंगवत राहिले. तू दोन वर्षं रंगवलंस आणि मग सगळ्या पाहुण्यांसमोर भिंत उघडी करून ठेवलीस, वर नणंदेला आपणहून सांगितलंस. मला ते जमलं नव्हतं. तुझं पत्र मी स्नेहाला वाचून दाखवलं, आणि ती म्हणाली असावी की मी रडते आहे. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण तिने टॉवेल आणून दिला.

तेव्हा खोली बदलायचं नाव काढू नको. तू जर माझ्यासाठी ओल्या खोलीत जाऊन झोपणार असशील, तर मी आजच निवासाचा कागद भरते. एका घरात हे एकदा झालं तेवढं पुरे. मला पश्चिमेचीच खोली पाहिजे, आणि ती कोरडी पाहिजे. नाहीतर नको.

तुळशीच्या लग्नाला येईन. तेव्हा तुझ्या भिंतीची परीक्षा मी स्वतः घेईन. नापास झाली तर माझं जाणं मुकाट मान्य करायचं. लिहून दे.

रागाने लिहिलंय असं वाटलं तर परत वाच.

तुझी मावशी,
कमलाक्षी


आमोणे,
५ ऑक्टोबर २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

परत वाचलं. तीनदा.

लिहून देते: खोल्या बदलणार नाही. भिंत नापास झाली तर तू निवासात जाशील आणि मी तुझं सामान लावून द्यायला येईन, रडणार नाही. शेवटच्या दोन शब्दांची खात्री देता येत नाही, पण प्रयत्न करीन.

पाऊस ओसरतो आहे. माती जोत्याच्या खाली नेली, कडेने उताराचा चर काढला. चिरे रोज थोडे थोडे फिके पडताहेत. सरस्वती बाजाराला जाता-येता आत डोकावते, भिंतीला हात लावते आणि निघून जाते. तिच्या चेहऱ्यावरून निकाल कळत नाही. तुझ्याच शाळेतली वाटते.

तुळशीच्या लग्नाला वाट बघते, भिंतीसकट.

तुझी,
संजना


तेरेखोल,
८ नोव्हेंबर २०२५

चि. संजना हिस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. फेरीत बसायला जागा मिळाली.

निघताना निकाल सांगितला नाही, म्हणून तू दारात उभी राहून पदराचं टोक पिळत होतीस, ते मी बघितलं. परीक्षक उमेदवारासमोर गुण सांगत नाही. आता सांगते. तू आधीच लावून ठेवलेलं प्लास्टिक मी काढलं, दोन्ही बाजू कोरड्या. मग खोलीचं दार लावून आत बसले, वीस मिनिटं, नुसतं नाक घेऊन. कान गेल्यापासून माझं नाक तेज झालं आहे. वास मातीचा आला, बुरशीचा नाही. फक्त उत्तरेच्या कोपऱ्यात, खालच्या दोन चिऱ्यांत अजून गारवा आहे. त्या कोपऱ्यावर चुना घाईने लावू नको, सरस्वती सांगेल तेव्हाच. तिची माझी ओळख झाली ते बरं झालं. आम्ही दोघींनी भिंतीला हात लावला आणि एकमेकींकडे बघितलं, मला ऐकायची गरज पडली नाही.

एकंदरीत दुसरा वर्ग, पंचावन्न टक्के. पास.

निवासाला नाही म्हणून कळवलं आहे. रविवारी, २८ डिसेंबरला येते. दोन ट्रंका आणि एक कुंडी. पण कुंडी भिंतीजवळ ठेवायची नाही.

एक लक्षात ठेव. खरी परीक्षा पुढच्या आषाढात आहे. तेव्हा एक जरी ठिपका दिसला तर लपवायचा नाही, तू नाही आणि मीही नाही. पहिला जिला दिसेल तिने दुसरीला हाक मारायची. मला हाक ऐकू येणार नाही, तेव्हा येऊन खांद्याला हात लाव.

तुझा अभिमान वाटतो. हे समोर सांगणार नाही, म्हणून कागदावर.

तुझी मावशी,
कमलाक्षी


आमोणे,
२२ डिसेंबर २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू निघायच्या आधी हे पोचावं म्हणून घाईने लिहिते. यानंतर तुला पत्र लिहायचं कारण राहणार नाही, याचं जरासं वाईटही वाटतं. एका घरात राहून लिहायला हरकत नाही म्हणा. तुला ऐकू येत नाही आणि मला समोर बोलता येत नाही, तेव्हा चिठ्ठ्या चालूच राहतील.

सखारामने चुन्याचा गिलावा केला. उत्तरेचा कोपरा सरस्वतीने तीन आठवडे अडवून धरला होता. गेल्या सोमवारी तिने हात लावला आणि पहिल्यांदा हसली. आता वरून नुसता चुना आहे, रंग नाही. खोली पांढरी दिसते, पण गुळगुळीत नाही. छिन्नीच्या जागी हलके खळगे आहेत. दत्तप्रसादने विचारलं की तिथे एखादं चित्र लावून झाकायचं का. मग माझ्याकडे बघून त्यानेच खिळा खिशात टाकला.

मी अजून स्वतःला विचारते की हे सगळं मी तुझ्यासाठी केलं की पेडण्याच्या त्या पाच वर्षांचं ओझं उतरवायला. तू म्हणशील, खोली कोरडी झाली ना, मग बस कर.

आज तुझी खाट आत आणली. सवयीने आम्ही ती भिंतीला लावली, खोली मोठी दिसते म्हणून. लक्षात आल्यावर पुढे ओढली आणि माझी चार बोटं आत घालून बघितली. बसली. मग तुझा हात आठवला. तुळशीच्या लग्नाला तू तो भिंतीवर सपाट ठेवला होतास तेव्हा मी बघत होते. सांधे सुजलेले, बोटं माझ्यापेक्षा जाड.

दत्तप्रसादचा नमस्कार. रविवारी फेरीच्या धक्क्यावर आम्ही दोघंही असू. तोवर माया सांभाळून ठेव, इथे जागा केली आहे.

तुझी,
संजना

उद्या: खाट अजून थोडी पुढे ओढणे, मावशीच्या बोटांच्या मापाने.